चौदा मिलिमीटर

मोहाडीच्या पॅकहाउसात माझ्या गळ्यात
रिंगांचा जुडगा असतो :
सोळा, अठरा, वीस.
अठरातून मणी निसटला
की घड बाजूला, लोकलच्या क्रेटमध्ये.
तेरा वर्षं बोटांना हेच काम,
म्हणून आंघोळ करताना डाव्या काखेत
काहीतरी गोल लागलं
तेव्हा बोटांनी मला न विचारताच माप घेतलं :
चौदा. फार तर पंधरा.

आठ दिवस कुणाला बोलले नाही.
रिंगा धुतल्या, रजिस्टर लिहिलं.
सुलभा टर्ले म्हणाली, मॅडम, हात असा काय धरून चालता,
काखेत कळसा आहे का?
सगळ्या हसल्या. मीही.

गंगापूर रोडच्या सेंटरवर फॉर्म.
शरीरात काही बसवलं आहे का :
पेसमेकर, रॉड, तांबी.
माझ्यासाठी चौकोन नव्हता.
समासात लिहिलं, डावीकडे सिलिकॉन, सहा वर्षं.
त्याआधी तिथे काय होतं ते लिहायला
समास पुरला नाही.

हेमलता निमसे, असं मोठ्यानं पुकारलं.
जेल गार.
गायधनी डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या,
आमच्याकडे याला बर्फाचं वादळ म्हणतात.
मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला.
पण निफाडला पारा उतरला त्या पहाटे
भावाच्या बागेत शेकोट्या पेटवून बसलो होतो,
धूर कुठला, धुकं कुठलं कळेना,
हातभरावरचा घड दिसेना.
तसंच होतं ते. करडं. माझं.

सुईच्या रिपोर्टला पाच दिवस.
तेवढ्यात मी जुना आजार
पुन्हा पहिल्यापासून काढला,
उशीवरच्या केसांपर्यंत.
सासूबाईंचं वाक्यही आलंच :
या वयात कशाला हवंय ते नवं?
शिंपीणबाईची टेप छातीशी येऊन
मध्येच थांबली होती,
हे त्यांना कसं सांगणार.

कॅन्सर नाही.
पिशवी कुठेतरी झिरपते आहे,
कण कण काखेपर्यंत गेले
आणि गाठीने ते धरून ठेवलेत.
तिचं कामच ते, बाई म्हणाल्या.
पिशवी काढावी लागेल.
नवी घालायची का, ते तुम्ही ठरवा.

आई बाजारला निघताना
पदराला गाठ मारायची,
काही विसरू नये म्हणून.
रात्री सोडताना कधी कधी
कशाची होती तेच आठवायचं नाही तिला.
गाठीवर बोट ठेवून बसायची मग
चुलीपुढे, बराच वेळ.

मी अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी कंटेनर भरायचा होता.
अठरातून निसटलेला एक मणी
क्रेटमध्ये टाकला नाही, खाल्ला.
गोड होता.
हात पुसून पुढचा घड घेतला.