पेचकस कानाला लावून

वळणावर ती कण्हते.
वर्धा रोडला सरळ जाताना काही नाही,
पण आमच्या गल्लीत मागं-पुढं करून लावायची म्हटली
की स्टिअरिंग शेवटाला टेकतं, आणि बॉनेटखालून
गाभण म्हैस उठताना काढते तसला आवाज.
गेटपाशी झोपलेलं कुत्रं जागा बदलतं.

"कुठं आवाज? तुला भास होऊन राहिला,"
शेजारच्या सीटवरून बाबा.
अजनीच्या लोको शेडमध्ये चौतीस वर्षं
जे कानांत गेलं, त्याचं बिल आता येऊन राहिलंय:
आधी दाराची बेल गेली, मग कुकर,
मग फोनवरचा नातू.
कानातलं मशीन डबीत आहे.
डबी कुठं आहे ते मला माहीत आहे.

पहिला म्हणाला, पंप गेला, साडेआठ हजार.
दुसरा म्हणाला, रॅकच बदला,
आणि आकडा तोंडानं न सांगता
मोबाइलवर टाइप करून दाखवला.
तिसरा, इंदोऱ्याचा बारापात्रे,
त्यानं आधी तेलाच्या डबीचं झाकण फिरवलं.
"पाहा मॅडम, लाल पाहिजे तर गुलाबी झालं.
फेस येऊन राहिला. हवा खाऊन राहिली गाडी.
कुठून, ते आयका लागते."

मे महिना, दुपारचे बारा.
पाने हाती धरवत नव्हते म्हणून बादलीत बुडवलेले.
त्यानं हातभर लांब पेचकस घेतला,
टोक पंपावर, मूठ कानामागच्या हाडावर,
आणि पोऱ्याला ओरडला, "चेतू, फिरव बे!"
म्हैस उठली.
बारापात्रे डोळे मिटून उभा,
पट्टा हातभर अंतरावर गरगरत होता.

तेव्हा बाबांनी हात पुढं केला.
मागितला नाही, नुसता पुढं केला,
हाताखालच्या माणसाकडून हत्यार घेतात तसा.

मूठ हाडाला टेकली.
किती दिवसांनी त्यांनी मान तिरकी केली नाही,
"काय?" म्हटलं नाही.
"बेअरिंग चांगलं आहे," ते म्हणाले,
नेहमीसारखं गरजेपेक्षा दुप्पट मोठ्यानं.
"ओढायच्या पाइपाची रिंग बघा. कडक झाली असेल.
तिथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

रिंग निघाली. बाहुलीच्या बांगडीएवढी, काळी,
चिमटीत दाबली तर शिळ्या पापडासारखी तुटली.
नवी वीस रुपयांची.
बारापात्रेनं बाबांकडं पाहिलं,
आणि स्वतःचं स्टूल ओढून त्यांना दिलं.

मग पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद,
आणि मी आत.
डावीकडं पूर्ण. उजवीकडं पूर्ण.
बंद गाडीचं स्टिअरिंग काय वजनाचं असतं
ते खांद्यांना दहाव्या फेरीत कळलं.
बाबा स्टुलावर बसले नाहीत, डबीवर वाकलेले.
"अजून एक बुडबुडा. फिरव.
अजून एक. बारीक आहे, पण आहे."
बाविसाव्याला त्यांनी हात वर केला,
शंटिंगवाल्यासारखा.

इंजिन चालू. स्टिअरिंग शेवटापर्यंत.
काही नाही. चेतूनं टाळी वाजवली.
बाबांना आमची शांतता कशी पटावी?
त्यांनी पुन्हा पेचकस लावला
आणि ठणठणीत पंप ऐकत राहिले,
दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवेपर्यंत.
तो हॉर्न अर्थात त्यांना ऐकू गेला नाही.

सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर
उलथन्याचं पातं फ्रीजला टेकलेलं,
दांडा कानामागं, डोळे मिटलेले.
मला बर्फाचा ट्रे काढायचा होता.
नंतर काढला.