वीस किलोच्या खालचं

देगलूर रोडला, बंद पडलेल्या डाळ मिलपुढं
वजनकाटा तेवढा चालू आहे.
ट्रक येतो, थांबतो, पावती घेतो, जातो.
शनिवारी सातनंतर ट्रक नसतात.
तेव्हा केबिनबाहेरच्या बाकड्यावर आम्ही चौघं:
अय्यूब, ज्याच्या ताब्यात काटा,
अंगणवाडीची प्रयाग,
बब्रुवान मास्तर, जे मास्तर नाहीत,
एसटीच्या वर्कशॉपला होते,
आणि मी, ब्लाउज शिवणारी.

वही दुधाच्या हिशेबाची, तिची उरलेली पानं.
नाव, काम, मग दोन रकाने: झालं. नाही.
अय्यूबनं तंबाखू सोडायची.
प्रयागनं स्कूटी शिकायची,
नवऱ्याला मागं बसवून माहेरी न्यायचं.
मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, वय एक्केचाळीस,
रोज बीजगणिताची पाच गणितं.
मास्तरांनी धाकट्या भावाला पत्र लिहायचं.
अकरा वर्षं बोलणं नाही.
कशावरून, ते आम्ही विचारलं नाही.
नियमच आहे तसा.
विचारायचं एवढंच: झालं का?
सल्ला द्यायचा नाही,
आणि 'जाऊ द्या हो' तर अजिबात म्हणायचं नाही.

आधी दंड होता, दहा रुपये.
तर मास्तरांनी दुसऱ्याच शनिवारी
शंभराची नोट वहीत ठेवली,
म्हणाले, दहा आठवड्यांचं जमा करून घ्या,
तोवर मला कुणी विचारू नका.
त्याच दिवशी दंड बंद केला.
नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणायचं,
समोरच्याच्या डोळ्यांत बघून. फुकट.
ते लई महाग पडतं.

अय्यूब म्हणतो, हा काटा वीस-वीस किलोनं मोजतो,
त्याच्या खालचं याला दिसतच नाही.
आमची कामं सगळी त्याच्या खालची.
घरात तरी कुणाला दिसतात?
लेक विचारते, आई, दहावीचं काय करायलीस तू आता?
मी तिला भाकरी वाढते, उत्तर म्हणून.

खरं सांगायचं तर
मी तीन शनिवार खोटं बोलले.
झालं. झालं. झालं.
लग्नसराई होती, मशीनवरनं उठणं नव्हतं,
बहीण बाळंतपणाला आलती.
कारणं खरी होती, 'झालं' खोटं होतं.
आणि शेजारच्याच पानावर मास्तरांचे 'नाही',
एकाखाली एक, बत्तीस,
चाकाचे नट आवळावेत
तसे एकेक आवळून लिहिलेले.
चौथ्या शनिवारी मी पेन मागितला
आणि माझे तिन्ही 'झालं' खोडले.
कुणी काही बोललं नाही.
प्रयागनं शेंगांचा कागद माझ्याकडं सरकवला.
अय्यूबचा हात सवयीनं खिशाकडं गेला,
रिकामाच परत आला.

काल मास्तर उशिरा आले.
शर्टाच्या खिशात पाकीट.
चिकटवलेलं, पत्ता घातलेला,
तिकीटसुद्धा लावलेलं, जरा तिरकं.
झालं का?
लिहिलं. टाकलं नाही.

अय्यूब उठला, पाकीट घेऊन गेला
आणि चाळीस टन पेलणाऱ्या त्या लोखंडावर
बरोबर मधोमध ठेवलं त्यानं.
केबिनीत जाऊन आकडा बघितला,
ओरडला, शून्य!
आम्ही हसलो. मास्तरही हसले,
मग त्यांना थांबताच येईना,
तेव्हा प्रयाग आपल्या चपलेकडं बघत बसली.

पण वहीत काय लिहायचं?
हे 'झालं'मध्ये बसत नाही, 'नाही'तही नाही.
मी कंपासपेटी उघडली, पट्टी काढली,
पानाच्या कडेला जागा थोडीच होती,
तिथं तिसरा रकाना आखला.
वर काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.