पिवळं

आक्रा, बुकोम. रात्रीचे दोन.
नी ओकाइजा एकच फोटो
दोनदा उघडून बसलाय.

डावीकडे कृष्णधवल:
ना देदेईचा उजवा हात सुटलेला,
घामाचे थेंब दिव्याखाली खडीसाखर.
मागची जाहिरात, निळा दोर, कुणाची तरी गुलाबी टोपी,
सगळ्यांची निमूट राख.
उरलाय फक्त ठोसा.
वाटावं, पन्नास वर्षांपूर्वीच लागला
आणि अजून लागतोच आहे.

उजवीकडे रंग.
इथे टोपी बडबडते,
जाहिरात मध्येमध्ये करते,
आणि ओठाखालचा तो थेंब
घाम नाही.

तिची आई चोरकोरला धुरावर मासे वाळवते.
सकाळी पेपर मागेल.
राखेत रक्त आणि घाम सारखेच.
एवढी दया पुरे, म्हणत
त्यानं बोट डावीकडे नेलं

तोच उजवीकडे, उघड्या तोंडात,
पिवळं!
नवं माउथगार्ड. तीन महिने मासे विकून घेतलेलं.
वजनाच्या रांगेत तिनं तेच तर दाखवलं होतं,
ओठ ताणून, दात पडलेल्या पोरीसारखं.

डावीकडे ते नुसते दात आहेत.

बोट अजून हवेतच.
खाली समुद्रावर होड्या निघाल्यात.
रंगवलेल्या आहेत, त्याला ठाऊक आहे;
दिसतायत काळ्या.