कशा उठलात?

दोन वर्षं झाली परत येऊन
तरी मी अर्ध्या बादलीतच अंघोळ करते.
विक्रोळीत, कन्नमवार नगरच्या नव्या टॉवरमध्ये,
बाविसाव्या मजल्यावर, चोवीस तास पाणी.
बहीण म्हणते, शॉवर मग कशाला बसवलास?
तिला काय सांगू
झऱ्यापासून घरापर्यंतचा चढ,
डोक्यावरची बादली हिंदकळली की
मागून येणारी पोरं कशी फिदीफिदी हसायची
एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला.

लेसोथो. नकाशात बोट ठेवून दाखवावं लागतं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तिथे गेले
दशांश अपूर्णांक शिकवायला
आणि तीन महिने नुसतं रामराम करायला शिकले.
वाटेत भेटेल त्याच्यापाशी थांबायचं, विचारायचं,
कसे उठलात?
गाढवावर मक्याचं पोतं लादून निघालेल्याला,
शनिवारी मयताला चाललेल्या बायकांनासुद्धा.
आणि माणूस एकटा असला तरी
उत्तर अनेकवचनात:
आम्ही बरे उठलो.

मे मापुलेंग, जिच्या घरी राहिले,
तिनं पहिल्याच रात्री विचारलं, तू कुणाची आई?
कुणाचीच नाही. लग्नच नाही केलं.
ती पापा घोटत होती,
आपली उकडच, मीठ विसरलेली.
काही बोलली नाही.
सकाळी गावभर माझं नाव झालं होतं
मातेबोहो.
तेबोहोची आई. तेबोहो म्हणजे आभार.
अगं पण हा तेबोहो आहे कुठे?
येईल तेव्हा येईल, म्हणाली,
नाव आधी तयार असलेलं बरं.

सगळंच गोड नव्हतं.
रात्री संडासाला जाताना हातात दगड, कुत्र्यांसाठी.
थंडीत खडू बोटांतून गळायचा.
सातवीतला लेफा, वर्गात सगळ्यांत चलाख,
एका सोमवारी आलाच नाही;
घोंगडी पिनेनं खांद्यावर अडकवून
मेंढ्यांमागे डोंगरात गेला तो गेलाच.
मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. चहा मिळाला.
त्याची वही माझ्या कपाटात आहे.
शेवटचं गणित तपासायचं राहिलंय.

इथे लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघतात.
आल्या आल्या, सवयीनं,
सोळाव्या मजल्यावरच्या टिपणीसांना विचारलं,
कसे उठलात?
ते म्हणाले, म्हणजे? मला काय झालंय?
तेव्हापासून ते दुसऱ्या लिफ्टनं जातात.

साडेदहाला मिस्ड कॉल येतो.
तिथे सात वाजलेले असतात.
मी उलट फोन लावते:
आधी वारा ऐकू येतो, मग कोंबडा, मग ती.
कशा उठलात?
मी एक कप चहा घेऊन खिडकीशी उभी असते,
दुसरा कप पालथा, ओट्यावर.
आम्ही बरे उठलो, म्हणते.
पाणी आहे? आहे.
आणि तेबोहो?

झोपलाय अजून, म्हणते.