डोळे उघडण्याचे वेगळे पैसे

क्रातोच्या बाजारात, खोगिरांच्या दुकानाला लागून
माझी पाटी आहे: जुने फोटो नवे करून मिळतील.
खाली बारीक अक्षरांत दर.
वाळवीने खाल्लेला कान, वीस रेआल.
फाटलेला खांदा, तीस.
कोट-टाय घालायचा तर थोडे जास्त.
हयातीत ज्यांनी कोट पाहिलाही नाही
त्यांचीच मुलं बहुतेक कोट मागतात.
डोळे उघडण्याचे वेगळे.

मंगळवारी तिघी बहिणी आल्या, सेर्तांवमधून, बसने.
बकऱ्या विकून आल्या होत्या, हातांना अजून वास होता.
झुल्मीराने बिस्किटाच्या डब्यातून काढला
आईचा एकुलता एक फोटो,
तोही शवपेटीतला.
गालावर पाण्याचा डाग, एक कोपरा उंदरांनी नेलेला,
तोंड उघडं पडू नये म्हणून
हनुवटीखालून बांधलेला रुमाल.
"रुमाल काढा," ती म्हणाली. "फुलं काढा.
कानांत कुड्या घाला, सोन्याच्या.
आणि तिला उठवा."

उठवणं सोपं असतं.
आडव्या माणसाचे गाल कानांकडे सरकलेले असतात,
ते परत खाली आणायचे,
मानेला जरा वजन द्यायचं,
मागे निळा भरायचा
कुठल्याच आभाळाचा नसलेला.
अडतं ते डोळ्यांशी.

"रंग कोणता?"
मधासारखे, झुल्मीरा म्हणाली.
काळेभोर, अदाल्जिझा म्हणाली, काहीतरीच काय!
आणि भांडण डोळ्यांवरून सुरू झालं ते
विहिरीच्या वाट्यापर्यंत गेलं.
धाकटी जुरेमा गप्प.
विचारलं तेव्हा म्हणाली,
"माझ्याकडे बघायला तिला वेळ कुठे होता?
ती खाली वाकून कसावा सोलायची,
मी समोर बसायचे.
मला तिचा भांग पाठ आहे."

म्हणून आधी भांग काढला.
डावीकडे किंचित वाकडा,
पाण्याचा डबा वाहून वाहून
एका जागी विरळ झालेला.
मग पापण्या. अर्ध्याच उघडल्या.
वाटलं, पुरे.

शनिवारी थोरलीने फोटो उजेडात धरला.
"पैसे पूर्ण उघडण्याचे दिलेत."
दिले होते, खरंच.
ब्रश घेतला, त्यांच्यासमोरच उघडले:
मधाचा रंग, त्यावर काळ्याचा पातळ हात,
आणि बुबुळात तो पांढरा ठिपका
जो मी सगळ्यांनाच देतो,
माझ्या खिडकीचा.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
"ही आई नाही," अदाल्जिझा म्हणाली.
"नाहीच," झुल्मीरा म्हणाली.
जुरेमा फोटोसमोरून डावीकडे गेली,
मग उजवीकडे,
डोळे आपल्यामागे फिरतात का बघत.
फिरत होते.

"बांधून द्या," ती म्हणाली.
"वर्षभर भिंतीवर राहिली
की होईल."