तिसरी

धुकं उतरलं आणि चाकाओच्या खाडीतली बोट रद्द झाली.
धक्क्यावरच्या खानावळीत आम्ही नऊ जण,
एक चूल, ओल्या लोकरीचा वास
आणि तिसऱ्यांचं पातळ होत चाललेलं सूप.
स्वयंपाकीण म्हणत होती, जी उकळूनही उघडत नाही
ती खायची नाही, खुशाल फेकून द्यायची.

सान्तियागोहून आलेली, औषधाच्या दुकानात काम करणारी एक पोर होती.
तिला स्वस्थ बसवेना.
म्हणाली, प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगा.
दोन खऱ्या, एक लोणकढी.
जो चुकीची ओळखेल त्यानं सगळ्यांना एकेक पेला पाजायचा.

बटाट्यांचा व्यापारी नोल्बेर्तो सुरू झाला:
माझी तीन लग्नं झाली, तिन्ही एकाच बाईशी.
मला पोहता येतं.
मी जन्मलो ते घर समुद्रावरून तरंगत या बेटावर आलं.
पोर ओरडली, घर! घर कुठं तरंगतं होय!
आम्ही इतके हसलो की कुत्रं उठून बाहेर गेलं.
अगं, माझ्या मावशीचंही आलं तसंच,
आधी बैलांनी ओढत, मग होड्यांना बांधून,
खिडक्यांचे पडदेसुद्धा न काढता.
पोहता मात्र त्याला येत नाही. इथं कुणाला येतं?

एदुविना म्हातारी म्हणाली, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.
सगळे एका सुरात: थाप!
ती रुसली.
तिच्या उरलेल्या दोन गोष्टी राहूनच गेल्या.

मग माझा नवरा. रोसामेल.
त्यानं आधी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
एकोणिसाव्या वर्षी मी सर्कशीत अकॉर्डियन वाजवायचो,
एक अख्खा हिवाळा, पार अर्जेंटिनात.
भूकंपाच्या रात्री मी झाडावर होतो, खाली गाई पोहत होत्या.
आणि मला वास येत नाही. लहानपणच्या तापापासून. कसलाच.

मी म्हटलं, वास! यात काय ओळखायचं?
एकतीस वर्षं हा दारातूनच म्हणतो,
काय वास सुटलाय, लुझमिरा!

तो म्हणाला, नाही. सर्कस.

नोल्बेर्तोनं माझ्या पाठीवर थाप मारली. पाज आता!
मी पाकीट शोधू लागले.
पाकीट हातातच होतं.

सर्कशीत गेला तो याचा थोरला भाऊ, बाउतिस्ता.
परत आलं ते फक्त वाद्य.
माळ्यावरच्या त्या पेटीची धूळ मी दर ईस्टरला पुसते,
वाजव म्हणून कधी आग्रह केला नाही,
म्हटलं, काही दुखत असेल.
दुखत असेलच. पण ते दुसरंच.

आणि ज्या वर्षी गॅस गळत होता
तेव्हा हा शांतपणे पेपर वाचत होता,
मी त्याला ठोंब्या म्हटलं, आळशी म्हटलं,
तो म्हणाला, चुकलं.
आणि त्याच्याही आधी, सफरचंदांच्या घाण्यापाशी
मी सतरा वर्षांची उभी, हा जवळ येऊन म्हणाला होता,
तुझ्या केसांना सफरचंदांचा वास येतो.
घाण्यापाशी उभ्या मुलीला
आणखी कसला येणार?
अंदाज बरोबर होता. लग्न त्याच अंदाजावर झालं.

आता तुमची पाळी, काकू, पोर म्हणाली.

मला बाकी काही सुचेना.
मी म्हटलं, एक: माझ्या केसांना सफरचंदांचा वास येतो.
आणि थांबले.

पोर शहरातली, तिला रीतभात ठाऊक नाही.
ती सरळ उठली, माझ्या डोक्यावर वाकली
आणि दीर्घ श्वास घेतला.
सगळे हसत होते.
रोसामेल हसत नव्हता.
तो तिच्या तोंडाकडे असा बघत होता
जसं कुणी दवाखान्यात कागद वाचून दाखवणाऱ्याकडे बघतं.

थाप, पोर म्हणाली. धूर आहे.
धूर आणि तिसऱ्या.

धूर आणि तिसऱ्या,
तो हळूच पुटपुटला, पाठ करावं तसं.
मग उठला,
आणि माझ्या नावावरचे नऊ पेले
स्वतःच्या पैशांनी मागवले.