गाळलेल्या जागा

कूलरच्या टाकीत पाणी सोडून
मी वह्या घेऊन बसते. रात्रीचे साडेनऊ. मे महिना.
वाळ्याचा ओला वास, आणि लाल पेनाची शाई
उन्हानं पातळ झालेली, जरा टेकवलं की डाग.
सतरा वह्या. सराव चौथा.

कंसात चार क्रियापदं आहेत:
पार्तीर, सॉर्तीर, कित्ते, व्हनीर.
फळ्यावर समजावलं होतं मी,
धंतोलीतल्या दुसऱ्या मजल्यावर, खाली एक्स-रेवाल्याची रांग:
सॉर्तीर म्हणजे बाहेर पडणं,
कोपऱ्यावरून दही आणायला, चप्पल न बदलता.
पार्तीर म्हणजे निघणं. बॅग भरून.
कित्ते एकटं उभं राहत नाही, त्याला कर्म लागतं,
काय सोडलं, कोणाला सोडलं, नाव घेऊन सांगावं लागतं,
नाहीतर वाक्य अशुद्ध.
मागच्या बाकावरून कुणीतरी,
"मॅडम, हे त भारीच लफडं आहे बे,"
आणि मग त्याचं त्यानंच जीभ चावली.

पोरं हुशार आहेत.
चालू काळ त्यांना मिनिटात कळला:
"म्हणजे जेवून राहिलो, झोपून राहिलो. आपल्यासारखंच."
कुठल्या पुस्तकात नाही हे. मी लिहून ठेवलं.
त्यांना मॉन्ट्रियलला जायचंय. फ्रेंचचे गुण जोडले
की फाईल पुढे सरकते म्हणतात.

बारावी वही प्रणय उईकेची.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहतो, बाप शेडमध्ये फिटर.
वाक्य सातवं. दारात मुलगा उभा आहे:
"ओ रव्वार, मामाँ, ज ______."
त्यानं भरलंय, व्हियँ.
येतो.

उत्तरसूचीत आहे, पार. निघतो.
जागा एकच, आणि लगेच पूर्णविराम.

फुली मारायला पेन टेकवलं तर डाग पडला.
कसं सांगू याला
की तिकडे दारातला माणूस निघतो तेव्हा निघतोच म्हणतो,
आणि आई ऐकून घेते.
इथं नुसतं "जातो" तोंडातून निघालं
की ती आतून ओरडते, जातो नाही रे, येतो म्हण,
कणकेचे हात तसेच.

माझे बाबा मेडिकलला भरती व्हायला
ऑटोत बसले, तेव्हाही येतो म्हणाले होते.
व्याकरणाच्या दृष्टीनं ते वाक्य
अजून चुकलेलं नाही. काळ दिलेला नव्हता.

तरी मी फुली मारते.
परीक्षेत अर्धा गुणसुद्धा मिळायचा नाही.
शेजारी लिहिते, पार,
आणि खाली, समासात, बारीक अक्षरात:
हे घरी म्हणायचं. तिकडे नाही.
मग "तिकडे नाही" खोडते.

कूलर खडखडायला लागला, टाकी आटली बहुतेक.
पाईप लावायला मी बाहेर पडते,
चप्पल न बदलता.
पाच वह्या राहिल्यात अजून.